मेंढेमास्तरांची शेवटची जोडी

मेंढेमास्तरांनी आपल्या जावयाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते असे ओरडले, की शोरूमच्या काचा थरथरल्या, समोरच्या चौकातल्या गाड्या एकमेकींना रस्ता देऊ लागल्या आणि पलीकडच्या दवाखान्यात ऐकू येत नाही म्हणून बसलेला एक पेशंट न तपासताच खडखडीत बरा होऊन घरी गेला. हे सगळं पुढे मास्तरांनीच आयुष्यभर सांगितलं, त्यामुळे यातलं किती खरं धरायचं ते ज्याचं त्यानं बघावं. एवढं मात्र खरं, की जावई तेव्हा जावई नव्हता. तो साधा वायरमन होता, जुन्या वस्तूंच्या त्या शोरूमच्या मालकीणबाईंनी बोलावलं म्हणून आला होता, आणि त्याच्या हातात चालू ड्रिल होतं.

ड्रिलच्या टोकाशी एक भिंतदिवा होता. फ्रान्सातला, ब्राँझचा, राजेराण्यांच्या काळातला. खाली निमुळता होत गेलेला खांब, त्यावर कलश, कलशातून निघालेली ब्राँझचीच ज्योत, दोन बाजूंना शिंगं वळवून बसलेली मेंढ्यांची दोन डोकी, आणि त्यांच्या हनुवटीखालून पुढे आलेल्या दोन फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला मेणबत्तीची वाटी. आता त्या वाटीत मेणबत्तीऐवजी बल्ब बसवायचा होता आणि मालकीणबाईंनी बजावलं होतं, "वायर दिसता कामा नये." वायरमननं विचार केला. वायर दिसायची नाही म्हणजे ती आतून गेली पाहिजे, आणि आतून जायची तर भोक हवं. विचारात काही खोट नव्हती. त्यानं दिवा उलटा केला, कलशाच्या बुडाला टोक टेकवलं आणि बटण दाबलं.

तेवढ्यात दारात मास्तर.

गाड्या, काचा आणि पेशंट वगैरे झाल्यावर मास्तरांनी आधी भिंतीतला प्लग उपटला, मग वायरमनच्या हातातलं ड्रिल उपटलं.

"हे काय करतोयस?"

"भोक."

"ते दिसतंय! कशाला?"

"वायरीला."

"अरे, तुझ्या खापरपणजोबांच्या आधीपासून हा दिवा भोकाशिवाय जळतोय!"

"तेव्हा वायर कुठं होती?" वायरमननं विचारलं. उद्धटपणानं नव्हे, खरंच विचारलं.

मास्तरांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. घरच्यांचं म्हणणं असं, की या एका प्रश्नानं तो जावई झाला, कारण मास्तरांना गप्प करणारा माणूस त्या घरानं तोपर्यंत पाहिला नव्हता. मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणत, असला माणूस बाहेर मोकळा सोडण्यापेक्षा घरात डोळ्यांसमोर असलेला बरा.

"माणूस आहेस की गिरमिट?" मास्तर शेवटी म्हणाले, आणि त्याचं नाव पडलं ते पडलंच. पुढे जावई म्हणून मान द्यावा लागला तेव्हा त्यांनी त्याचं 'अहो गिरमिट' केलं. वरच्या पायरीचा राग आला तर 'गिरमिटराव'.

तो दिवा काखेत मारून आणि गिरमिटला दंडाला धरून मास्तर कारखान्यात आले. कारखाना म्हणजे एका अरुंद गल्लीच्या टोकाची लांबट खोली. पुढे खिडकीशी काम करायचं जाड लाकडी टेबल, मध्ये भट्टी, मागे पडदा, आणि पडद्यामागे मास्तरांचा संसार. खिडकीच्या फळीवर मेंढ्यांची ओतीव डोकी ओळीनं ठेवलेली असत, म्हणून गल्लीनं त्यांना मेंढेमास्तर केलं होतं. गिरमिटला स्टुलावर बसवून मास्तरांनी त्याच्यादेखत भोकात ब्राँझचीच खिळी ठोकली, ती घासून सपाट केली आणि वरून छिन्नीचे बारीक हात असे फिरवले, की गिरमिटला आपलं स्वतःचं भोक सापडेना. "वायर फांदीच्या पाठीवरून जाते," मास्तर कानसेवरची धूळ फुंकत म्हणाले, "बारीक, ब्राँझच्या रंगाची. अंगाला चिकटून, गप्प. घरातल्या शहाण्या माणसासारखी."

पडद्याआडून कुणीतरी हसलं. ती मास्तरांची लेक. तिनं पाण्याचा पेला आणून गिरमिटपुढे धरला आणि त्याच्याकडे इतकं नीट बघून घेतलं, की दिव्याकडे तिचं लक्षच गेलं नाही. तिची आई तेव्हा बहिणीकडे गेली होती. हे तपशील फालतू वाटतात, पण पुढे त्यांच्यावाचून अडणार आहे.

कारण ती गोष्ट मास्तर सांगत राहिले आणि मास्तरांच्या तोंडी कुठलीच वस्तू आपल्या मापात राहत नसे. लग्नाच्या पंगतीत त्या दिव्याचा पुतळा झाला होता. नातीला गोष्टी कळू लागल्या तेव्हा त्याचं झुंबर झालं, आणि गिरमिट त्याला शिडीवर चढून भोकं पाडत होता. अलीकडे तर ते राजवाड्यातलं घड्याळ असल्याचं ऐकू येई. सासूबाईंनी आणि लेकीनं जे ऐकलं ते हेच. मूळ वस्तू एक भिंतदिवा होता, हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं आणि त्यातल्या एकाला ते कबूल नव्हतं.

आता या दिव्यांविषयी थोडं सांगायला हवं. फ्रान्सातल्या बड्या लोकांना एके काळी वेलांट्यांचा, शिंपल्यांचा आणि वाटेल तिकडे वळणाऱ्या पानांचा असा शौक जडला होता, की भिंतीवरचा दिवा आणि झोपेतून उठलेल्या माणसाचे केस यांत फरक राहिला नव्हता. मग त्यांना त्याचा वीट आला. श्रीमंतांना वीट आला की कारागिरांना काम मिळतं. जमिनीखालून निघालेले जुने रोमन खांब आणि भांडी पाहून त्यांनी ठरवलं, आता सगळं सरळ आणि शिस्तीचं. कलश, पानांच्या माळा, फितीच्या गाठी, मशाली आणि मेंढ्यांची डोकी. "मेंढाच का?" असं गिरमिटनं एकदा विचारलं होतं.

"अहो गिरमिट," मास्तर म्हणाले होते, "दुसऱ्याच्या भिंतीवर दुसऱ्याचा दिवा धरून वर्षानुवर्षं गप्प राहायला आणखी कोण तयार होणार?"

आणि ते टेबलाला कपाळ टेकून उभे राहिले. मास्तर थकले की बसत नसत. बसलं की उठावं लागतं, असा त्यांचा हिशेब होता. ते उभ्यानंच टेबलाच्या कडेला कपाळ टेकत, डोळे मिटत आणि थोड्या वेळानं जिथं सोडलं होतं तिथून छिन्नी उचलत. त्यांच्या कपाळावर त्या कडेची एक आडवी रेघ कायमची उमटली होती. लोकांना वाटे, माणूस सतत विचारात असतो.

सासूबाईंचं काम झिलईचं. या दिव्यांना सोन्याचा मुलामा दिला की सगळं सोनं सारखं चमकवायचं नसतं. पानं मंद ठेवायची, कलशाची कड चमकवायची, मेंढ्याची शिंगं चमकवायची पण नाक मंदच. चमकवायचं ते अकीकाचा दगड लावलेल्या लाकडी मुठीनं घासून. सासूबाईंनी इतकी वर्षं हे केलं होतं, की बोलतानाही त्यांचा उजवा अंगठा मांडीवर पुढेमागे होत राही. कुणाची भिंत उजळायची म्हणून दोघं दिवसभर खपत आणि पडद्यामागे वायरीला लोंबणाऱ्या उघड्या बल्बखाली जेवत. बल्ब लागायला वेळ घेई. गिरमिट दर भेटीत म्हणे, "आई, होल्डर बदलून देतो." सासूबाई म्हणत, "पुढच्या खेपेला आण हो, जावईबापू." गिरमिटच्या स्वतःच्या घरातली ट्यूबलाइट गुणगुणत होती, त्यामुळे त्याला जास्त बोलता येत नसे.

गेली काही वर्षं मास्तरांचा खोकला सुरू झाला होता. धातूची धूळ, भट्टीचा धूर आणि तेजाबाची वाफ यांनी छातीत मुक्काम ठोकला होता. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि सांगितलं, काम बंद करा. औषध नंतर बघू, आधी काम बंद करा. लेकीनं त्याच आठवड्यात आपल्या घरातली खालची खोली रिकामी केली, भिंतींना रंग दिला, दोन खाटा टाकल्या, गाद्या गुंडाळून ठेवल्या. "बाबा, कधी येताय?"

"ही एवढी जोडी झाली की आलोच."

जोडी झाली. मग आणखी एक आली. मास्तरांना नाही म्हणता येत नव्हतं अशातला भाग नाही. जावयाला, जावयाच्या भावाला, बँकेच्या माणसाला ते सकाळपासून नाही म्हणत असत. पण मालकीणबाई शोरूमच्या गाडीतून उतरून गुंडाळलेला दिवा टेबलावर ठेवत, कागद सोडत, आणि मेंढा त्यांच्याकडे बघे. मग झालं. खालच्या खोलीतल्या गाद्यांवर धूळ बसली, लेकीनं ती झाडली, पुन्हा बसली.

अशातच मालकीणबाई शेवटचा दिवा घेऊन आल्या. एकटाच होता. मुलामा कुणी तरी घासून घासून घालवलेला, अंग काळवंडलेलं. गिऱ्हाइकाला मावशीकडून मिळालेला आणि त्याला आता जोडीदार हवा होता. "दोन्ही सारखे दिसायला हवेत, मास्तर. भिंतीच्या दोन बाजूंना लागायचे आहेत."

"हा शेवटचा," मास्तर सासूबाईंना म्हणाले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हे वाक्य पूर्वी ऐकलं होतं.

"नाही, खरंच. दमलो गं."

सासूबाईंचा अंगठा मांडीवर थांबला. हे मात्र त्यांनी पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यांनी संध्याकाळी लेकीला फोन करून सांगितलं, "गाद्या उन्हात टाक."

मास्तरांचे जोडी करायचे नियम पक्के होते. ज्यांच्या हाताखाली ते शिकले त्यांनी घालून दिलेले, आणि मास्तर ते देवाच्या आज्ञेसारखे पाळत. पहिला नियम असा, की दोन दिवे एकाच वेळी कधीही सुटे करायचे नाहीत. नवा घडवायचा तेव्हा जुना समोर भिंतीवर अख्खा टांगलेला असायचा. त्याला मास्तर 'साक्षीदार' म्हणत. नवा पूर्ण तडीला जाईपर्यंत साक्षीदाराच्या स्क्रूलाही हात नाही. दुसरा नियम शिक्क्याचा. नव्या दिव्याचे भाग तेजाबाच्या पाण्यातून निघाले, स्वच्छ झाले, एकदा जुळवून पाहिले, की मुलाम्याच्या आधी कलशाच्या बुडाशी एक नखाएवढी चंद्रकोर ठोकायची. सोनं मग त्या चंद्रकोरीतही उतरतं, नंतर कुणाला ती घालता येत नाही की पुसता येत नाही. "जुळा करणं ही कला," मास्तर म्हणत, "आणि न सांगता जुळा करणं ही खोटी नाणी पाडणं."

तर मास्तरांनी जुळा घडवला. ओतलेला धातू निवताना आखडतो, म्हणून त्यांनी मेणाचा नमुना मुळातच किंचित मोठा कोरला. जुनी मोडतोड वितळवून धातूचा रंग जमवला. मेंढ्याच्या कानामागे मूळ कारागिराची छिन्नी एकदा घसरली होती, ती घसरही त्यांनी उतरवली. प्रत्येक कानाला कपाळ टेकून विश्रांती, प्रत्येक शिंगाला खोकल्याची उबळ. सासूबाई पडद्याआडून ऐकत आणि मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत.

नवा दिवा सुटा होऊन टेबलावर पसरला होता आणि दुसऱ्या दिवशी तेजाबाच्या पाण्यात जायचा होता, तेव्हा मास्तर डॉक्टरांकडे गेले. तिथं रांग होती. सासूबाई कारखान्यात एकट्या होत्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. नवा उद्या धुवायचा, मग जुळवायचा, शिक्का, मुलामा, झिलई, आणि हे सगळं झाल्यावर जुना उतरवायचा, तोही पुन्हा सुटा करायचा, पुन्हा तेच पाणी, पुन्हा तीच वाफ त्या छातीत. त्यांना त्या दुसऱ्या वाफेचा राग आला. एवढी वर्षं त्या या घरात होत्या, स्क्रू कुठं असतो ते त्यांना माहीत होतं. त्यांनी साक्षीदार भिंतीवरून उतरवला, मन लावून सुटा केला आणि दोन्ही दिव्यांचे सगळे भाग एकाच टोपात, एकाच पाण्यात सोडले. तोंडाला पदर बांधून, खिडकी उघडी ठेवून, सगळी वाफ स्वतः घेतली. मास्तर परत आले तेव्हा टेबलावर जुन्या चादरीवर दोन दिव्यांचे भाग सुकत पडले होते, दोन्ही सारखेच लख्ख, नुकत्याच जन्मलेल्या बाळांसारखे गुलाबी.

मास्तर दारातच उभे राहिले.

"साक्षीदार कुठं आहे?"

"हा काय. झालासुद्धा धुऊन. आता दुसऱ्यांदा पाणी नको करायला."

"कुठला भाग कुठल्याचा?"

सासूबाईंनी चादरीकडे पाहिलं. "अहो, मी तुमचे-माझे कपडेही एकत्रच धुते," त्या हळूच म्हणाल्या. "वाळत घातले की कळतंच की कुठला कुणाचा."

मास्तर ओरडले नाहीत. गल्लीतल्या काचा शाबूत राहिल्या, गाड्या आपापल्या रस्त्यानं गेल्या. ते चालत टेबलाशी आले आणि त्यांनी कपाळ टेकलं. मग आयुष्यात पहिल्यांदा स्टूल ओढून बसले.

त्या दिवसापासून मास्तर भागांची निवड करू लागले. सकाळी उठून भिंग डोळ्याला लावत आणि मेंढ्याचा एकेक कान न्याहाळत. घसरलेली छिन्नी? दोघांच्याही कानामागे होती. धातूचा रंग? जमवलेला. वजन? त्यातही मास्तरांनी कसूर ठेवली नव्हती. ते जन्मभर म्हणत आले होते, की आपला हात आपल्याला कुठंही ओळखू येईल. आता त्यांना तो कुठंच ओळखू येईना. एखादा भाग डावीकडच्या ढिगात ठेवत, चहा पिऊन येत आणि तोच भाग उजवीकडे सरकवत. गिरमिट भेटायला आला की म्हणत, "अहो गिरमिट, हे बघा, हा मेंढा जरा थकलेला वाटतो ना? जुना असेल?"

"बाबा, दोघंही तुमच्याकडे बघून थकलेत," गिरमिट म्हणे.

लेक रडकुंडीला आली. "बाबा, सोडा ना आता. कुणाला कळणार आहे?"

"मला," मास्तर म्हणाले आणि खोकले. खोकला आता बोलण्याच्या मध्ये येण्याऐवजी बोलणंच खोकल्याच्या मध्ये येत होतं. उन्हात टाकलेल्या गाद्या पुन्हा आत आल्या होत्या. सासूबाई पडद्याआडून बाहेर येईनाशा झाल्या. त्या जेवण वाढत आणि मान वर करत नसत, जणू सुटा झालेला दिवा त्यांनी मास्तरांच्या छातीतूनच उतरवला होता.

मालकीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला फोन लावला. पलीकडचं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "ते म्हणतात, जुना-नवा राहू दे. त्यांना दिव्यापेक्षा भिंतीची काळजी आहे. शिक्क्याचं तुमचं तुम्ही ठरवा, मास्तर. पण ठरवा."

त्या संध्याकाळी मास्तर टेबलाशी बसून होते. सासूबाईंनी चहाचा कप ठेवला आणि वळल्या तेव्हा ते म्हणाले, "नव्याला जुना म्हटलं तर ती लबाडी. पण जुन्याला नवा म्हटलं तर?"

सासूबाई थांबल्या. "म्हणजे?"

"दोन्हीवर मारतो शिक्का. दोन्ही माझेच म्हणतो. गिऱ्हाइकाचं काही जात नाही, त्यानंच सांगितलंय."

"ज्यानं तो घडवला त्याचं?"

"तो येत नाही विचारायला." मास्तर कपात बघत होते. "मी नाही करू शकत गं आणखी."

सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांचा अंगठा आपोआप पुढेमागे होऊ लागला. मास्तरांच्या सदऱ्याला तेवढ्या जागी झिलई चढायची बाकी राहिली.

दुसऱ्या दिवशी कच्ची जुळणी होती. मुलाम्याच्या आधी वायर नीट बसते की नाही ते पाहायला गिरमिट आला. येताना होल्डर आणायचा विसरला होता. मास्तर पडद्यामागे लवंडले होते. गिरमिटनं पहिल्या दिव्याच्या फांदीच्या पाठीवरून वायर फिरवून पाहिली. अंगाला चिकटून, गप्प. मग दुसरा घेतला, उलटा केला, बुडाशी वायर वळवताना तिथून नख फिरवलं, आणि नख अडकलं.

अगदी किंचित. त्यानं वाकून पाहिलं, काही दिसेना. डोळे मिटून पुन्हा नख फिरवलं. पुन्हा अडकलं. तेजाबानं एका बारीक गोलाची कड तेवढी खाल्ली होती. गव्हाच्या दाण्याएवढा गोल. कलशाच्या बुडाशी, जिथं ड्रिलचं टोक टेकायला सोयीचं पडतं नेमक्या त्याच जागी.

गिरमिटनं दिवा उजेडाकडे धरला. पुतळा, झुंबर आणि राजवाड्यातलं घड्याळ एकामागून एक विरघळून त्याच्या हातात त्याचा स्वतःचा दिवा उरला. तोच. मावशीच्या घरी जाऊन, मुलामा घालवून, काळा पडून परत आलेला. म्हणजे हा कलश जुना. मेंढे, फांद्या, वाट्या कुठल्या कुठं गेल्या असतील, पण दिव्याचं धड जुनं कुठलं, हे आता पक्कं कळलं होतं.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं, "बा..." आणि पडद्यामागून खोकला आला. लांबलचक, शेवटी नुसत्या शिट्टीसारखा. मग सासूबाईंचा आवाज, "पडा थोडं. घाई नाहीये."

गिरमिटला सगळं दिसलं. आपण सांगितलं, की मास्तर उठणार. भिंग घेणार. धड कळलं म्हणजे फांद्या कळतीलच म्हणणार, धडाच्या खाचेत प्रत्येक मेंढा बसवून बघणार, उतरवणार, पुन्हा बसवणार. गाद्या पुन्हा उन्हात, पुन्हा आत. आणि नाही सांगितलं, तर ज्या दिव्याला एकदा आपण भोसकलं होतं, त्याच्या अंगावर परक्याचा शिक्का बसणार आणि आपण तो बसू दिलेला असणार. हे दुसऱ्यांदा. पहिल्या खेपेला निदान माहीत नव्हतं.

त्यानं तोंड मिटलं. वायर गुंडाळली. स्क्रू आवळला.

"झालं का, अहो गिरमिट?" मास्तर पडदा सारून आले.

"झालं, बाबा."

मास्तरांनी शिक्क्याचा खिळा आणि छोटी हातोडी घेतली. पहिला दिवा उलटा धरला, बुडाला खिळा लावला, ठोकला. चंद्रकोर उमटली. त्यांनी फुंकर मारली आणि दुसरा दिवा घेतला. उलटा केला. जागा स्वच्छ करायला अंगठा फिरवला.

अंगठा थांबला.

परत गेला. पुन्हा तिथंच थांबला. मास्तरांनी नखानं तो गोल अगदी हळू चाचपला, लहान मुलाच्या डोक्यावरची जुनी खोक चाचपावी तसा. मग त्यांनी मान वर केली आणि गिरमिटकडे पाहिलं. गिरमिटला नजर काढून घेता आली नाही. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. तो लपवाछपवीत कधीच हुशार नव्हता, असता तर तेव्हाच मागून वायर नेली असती.

"झालं का हो?" सासूबाईंनी पडद्याआडून विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही विचारलं होतं.

मास्तर दिव्याकडे बघत राहिले. मेंढे त्यांच्याकडे बघत राहिले. बाहेर गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मग झाली आणि निघून गेली.

"झालं," मास्तर म्हणाले आणि त्यांनी खिळा नेमका त्या गोलावर टेकवून शिक्का ठोकला.

गिरमिटकडे दिवा देताना ते एवढंच म्हणाले, "घड्याळ फार मोठं होतं नाही का हो ते?"

"प्रचंड," गिरमिट म्हणाला.

मुलामा झाला, सासूबाईंनी शिंगं चमकवली, नाकं मंद ठेवली. महिना संपायच्या आत मास्तर आणि सासूबाई खालच्या खोलीत राहायला आले. मास्तर आले आणि झोपले. सकाळी झोपले, दुपारी झोपले, नात शाळेतून आली की तिला घड्याळाची गोष्ट सांगता सांगता झोपले. पहिले काही दिवस उठल्या उठल्या ते कपाळ टेकायला टेबल शोधत, मग तेही थांबलं. कपाळावरची रेघ मात्र गेली नाही. खोकला थोडा कमी झाला, गेला नाही. डॉक्टर म्हणाले, जायचा नाही. खोलीत ट्यूबलाइट होती, ती गुणगुणत होती. लेकीनं नवऱ्याला चारदा सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले, "असू दे गं. कुणीतरी जागं आहे असं वाटतं."

दिवे लावायला गिऱ्हाइकाच्या घरी गिरमिटच गेला. दिवाणखाना मोठा होता, भिंत सुंदर होती, पण तिच्या उजव्या बाजूला नवं कपाट आलं होतं. एक दिवा लागला. दुसरा खोक्यात घालून माळ्यावर ठेवला.